पझेशन आधी की पाळणा?

प्रश्न : माझं वय ३२, नवऱ्याचं ३५. लग्नाला चार वर्षं झाली. धनकवडीत सासू-सासऱ्यांसोबत वन बीएचकेमध्ये राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुनावळ्यात टू बीएचके बुक केलाय. पझेशन गेल्या दिवाळीत मिळणार होतं, आता बिल्डर पुढचा पाडवा म्हणतोय. नवऱ्याचं म्हणणं, नव्या घरात गेल्यावरच मूल. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी दोन खोल्यांत चार-चार पोरं वाढली. आम्ही थांबावं का? एवढ्याशा घरात बाळाचं नीट होईल का? आणि सासूबाईंना काय सांगू?

उत्तर :

पझेशनसाठी थांबू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बरंच लिहायचं आहे आणि घाईत असाल तर निदान एवढं तरी वाचून जाल. थांबण्यासारखी दुसरी कारणं असू शकतात, त्यांतली काही घराशीच जोडलेली आहेत. पण चावी हातात येण्याची तारीख त्यांत धरू नका.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सिंहगड रस्त्याच्या बाजूला पंचवीसेक वर्षं प्रॅक्टिस करते. सुरुवातीच्या काळात जोडपी पाळणा लांबवायची ती "ह्यांची नोकरी पर्मनंट होऊ दे" म्हणून. आता वाकड, रावेत, वाघोली, उंड्री, कुठूनही आलेली असोत, तिशीच्या आसपासच्या जोडप्यांकडून एकच वाक्य ऐकते : "मॅडम, एकदा पझेशन झालं की." तुमचा नवरा वावगं काही बोलत नाही. बाळाला चांगली जागा मिळावी असं बापाला वाटणारच. फक्त त्याने दोन तारखांची एकमेकींशी गाठ मारली आहे आणि त्यांतली एकही त्याच्या हातात नाही.

आधी कॅलेंडर मांडू. तुमच्या वयाच्या निरोगी जोडप्यात, नियमित संबंध असतील तर, दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता साधारण पाचात एक धरा. वर्षभरात दहापैकी आठ-साडेआठ जोडप्यांना दिवस राहतात. म्हणजे पहिल्याच महिन्यात यश आलं तरी नऊ महिने, आणि वर्ष लागलं तर पावणेदोन वर्षांनी बाळ. त्यानंतर ते रांगायला आठ-नऊ महिने घेणार, चालायला वर्षभर. तोवर त्याचं सगळं जग आईच्या कुशीएवढं असतं. आज सुरुवात केलीत आणि बिल्डरने पाडव्यावर आणखी वर्ष काढलं तरी तुमचं बाळ बहुधा नव्या घरातच रांगेल. आणि "माझी खोली" असं म्हणायला तर ते शाळेत जावं लागतं.

आता हेच उलटं मांडा. पाडव्याला पझेशन मिळालं, मग फर्निचर, मग "जरा सेटल होऊ", मग प्रयत्न. हे करेपर्यंत तुम्ही सहज चौतिशीत. बत्तिशी हे वय वाईट मुळीच नाही, घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण बीजांची संख्या आणि गुणवत्ता पस्तिशीनंतर झपाट्याने उतरते आणि त्याबरोबर गर्भपाताचं प्रमाण वाढतं. म्हणूनच पस्तिशीच्या आत आम्ही वर्षभर प्रयत्न करू देतो आणि मग तपासण्या सुरू करतो. पस्तिशीनंतर सहाच महिने वाट पाहतो. आज सुरुवात केलीत तर काही अडचण निघाल्यास ती सोडवायला वेळ असेल. दोन वर्षांनी केलीत तर अडचण तीच असेल, वेळ मात्र निम्मा.

काही जणी एएमएचची रक्तचाचणी करून येतात आणि विचारतात, "आकडा चांगलाय, मग थांबू ना?" एएमएच किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देतं, ती कशी आहेत हे सांगत नाही. गुणवत्ता वयावर जाते. तो रिपोर्ट म्हणजे थांबण्याचा परवाना समजू नका. बीजं गोठवून ठेवण्याचा पर्यायही आहे, पण तो खर्चिक, खात्री नसलेला, आणि जिथे नवरा-बायको दोघं आहेत, तयार आहेत, अडलंय ते केवळ बिल्डरपायी, तिथे मी तो सुचवणार नाही.

बिल्डरचं वेगळं बघा. करारात लिहिलेली ताब्याची तारीख उलटली असेल तर रेरा, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तुमच्यासमोर दोन वाटा असतात. प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागायचे, किंवा थांबायचं आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागायचं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाने काम पूर्ण व्हायची तारीख आणि ती कितीदा वाढवून घेतली हे दोन्ही दिसतं. सेल्स ऑफिसातला मुलगा फोनवर सांगतो त्यापेक्षा ते पाहा. वकिलाला विचारायचं ते विचारा, तक्रार करायची तर करा. पण तो तंटा त्याच्या गतीने चालेल. त्याच्या निकालावर तुमची पाळी टांगून ठेवू नका.

आता तुम्ही जे लिहिलेलंच नाही त्याबद्दल. रात्री झोपता कुठे आणि कसं?

वन बीएचकेत चार मोठी माणसं म्हणजे व्यवस्था बहुतेक ठरलेली असते. बेडरूम तरुणांना, हॉलमध्ये दिवाणावर सासरे, खाली गादीवर सासूबाई. ऐकताना वाटतं, झाली की सोय. पण गोदरेजचं कपाट बेडरूममध्ये. त्यात घरातल्या सगळ्यांचे कपडे, सासऱ्यांची बीपीची गोळी, सासूबाईंची पूजेची सोवळ्याची साडी. संडासाकडे जाणारा पॅसेज बेडरूमच्या दाराला घासून. सासऱ्यांना प्रोस्टेटचा त्रास, म्हणजे रात्रीतून तीनदा स्लिपरचा आवाज. सकाळी साडेपाचला नळाला पाणी येतं म्हणून सासूबाई उठलेल्या. या सगळ्यात आतून कडी लावायची म्हणजे सगळ्या घराला जाहीर सूचनाच. सासूबाई काही बोलत नाहीत, पण सून स्वतःच ओशाळते. मग दार नुसतं लोटून घेतलं जातं, आणि लोटलेल्या दारामागे काही होत नाही.

माझ्याकडे "वर्ष झालं, राहत नाही" म्हणून आलेल्या किती जोडप्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल निघाले! त्याचे शुक्रजंतू ठीक, तिच्या नळ्या मोकळ्या, थायरॉइड ठीक. मग दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं की कळतं, संबंध महिन्यातून एखाद्या वेळी, तोही घरचे गावाला गेले तर. त्यातून तो हिंजवडीत रात्रपाळीला, ती खराडीत दिवसपाळीला. अशा जोडप्याला आयव्हीएफ नको असतं, कडी हवी असते. फार उशिरा हे विचारलं जातं, कारण डॉक्टरही संकोचतात आणि सोनोग्राफी लिहून देणं सोपं पडतं.

वैद्यकीय बाजू सोपी आहे. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज जेमतेम एक दिवस. म्हणून पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तर वेगळे दिवस मोजावे लागत नाहीत. मोबाइलवरच्या ॲपने "आजच" म्हणून सांगितलं आणि नेमक्या त्याच रात्री नणंद मुलांना घेऊन मुक्कामाला आली की जो ताण येतो तो मी पुष्कळ पाहिला आहे. तारखेच्या मागे लागू नका, नेमका एकांत कसा मिळेल ते पाहा.

त्यासाठी मोठं घर लागतंच असं नाही. कपाट हॉलमध्ये हलवा, निदान सासू-सासऱ्यांचे कपडे आणि औषधं तरी. हे काम या रविवारी होऊ शकतं. दाराला धड लागणारी कडी बसवा आणि रोज लावा, काही असो वा नसो. रोज लागणाऱ्या कडीकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्यांच्या बाहेर जाण्याला प्रोत्साहन द्या. माझ्या एका पेशंटच्या सासूबाईंनी कोणी न सांगता ओळखलं. दर शनिवारी सासऱ्यांना घेऊन लेकीकडे चिंचवडला मुक्कामाला जायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "नातीचा अभ्यास घ्यायचा असतो." नात बालवाडीत होती.

आता बाळाकडे येते. लहान घरात बाळ नीट वाढेल का? पहिलं वर्ष तरी निश्चित. तसंही पहिले सहा महिने बाळाने आई-वडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र गादीवर किंवा पाळण्यात, पाठीवर झोपावं असाच आज वैद्यकीय सल्ला आहे. गुलाबी भिंतींची वेगळी नर्सरी ही जाहिरातवाल्यांची गरज आहे. बाळाला लागतं ते स्वच्छ पाणी, हवा, कोरड्या भिंती, मच्छरदाणी आणि दमून न गेलेलं एक माणूस.

घराचा खरा त्रास होतो तो आईला. तीन मजले चढणं गरोदरपणात धोक्याचं नाही. रक्तस्राव, खाली आलेली वार (प्लासेंटा) वगैरे काही अडचण निघाली तर डॉक्टर वेगळं सांगतील. धोका नसला तरी दमणूक आहे. नवव्या महिन्यात, आणि सिझेरियन झालं तर नंतरचे काही आठवडे, तो जिना दिवसातून एकदाच लागेल असं बघा. बाळ कडेवर, खांद्याला पिशवी आणि हातात दुधाची पिशवी, असं चढण्याची वेळ येऊ देऊ नका. दूध-भाजी वर पोहोचवणारा माणूस आधीच ठरवून ठेवा.

भिंतींना ओल आहे का? जुन्या इमारतींत वरच्या मजल्याला गच्चीतून पाणी मुरतं, बुरशी धरते आणि लहान मुलाची छाती भरते. पावसाळ्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मागे लागून वॉटरप्रूफिंग करून घ्या. डासांचंही तसंच. २०२४च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, त्यांत गरोदर बायका होत्या, आणि झिका गर्भाच्या मेंदूवर परिणाम करू शकतो. तो डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो : कूलर, कुंडीखालची ताटली, शेजारच्या बांधकामावरचा हौद. नवीन भागात राहायला जाणाऱ्यांनी हे अधिकच लक्षात ठेवावं, कारण तुमची बिल्डिंग पूर्ण झाली तरी बाजूच्या दोन चालू असतात.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पेठांतल्या वाड्यांत दोन खोल्यांत सहा-सात माणसं राहिली, पोरं वाढली, शिकली, मोठ्या हुद्द्यांवर गेली. जागेने मूल अडत नाही याला पुणे साक्षी आहे. पण तेव्हा वाड्याला चौक होता आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू तासभर मूल सांभाळायच्या. आई नोकरीला नव्हती, हप्ता नव्हता, आणि पहिलं मूल विशीत व्हायचं. किती मुलं आणि कधी, हे तिला कोणी विचारतही नव्हतं. आता तुमच्याकडे खोल्या तेवढ्याच, पण चौक गेला आणि काकूंच्या दारालाही सेफ्टी डोअर आलं. चौरस फुटांपेक्षा हातांची उणीव मोठी आहे.

म्हणून आता पैशाकडे, कारण थांबण्याचं पहिलं खरं कारण इथे असू शकतं. तुम्ही आकडे दिलेले नाहीत, मी उदाहरण घेते. ५० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं : हप्ता सुमारे ४३,४०० रुपये. आज बँकेने समजा ४० लाखच दिलेत आणि तुम्ही नुसतं व्याज भरताय, तर महिना २८,३०० च्या घरात. म्हणजे आजचा जो ओढा आहे तो पझेशननंतर वाढणार आहे. त्यात मेंटेनन्स आणि पुनावळ्याहून ये-जा. ज्याला "सेटल झाल्यावर" म्हणतात ते दिवस पैशाच्या दृष्टीने आजच्यापेक्षा तंग असतात, हे बहुतेकांना सही करताना दिसत नाही.

आता त्याचा पगार हातात ७५,००० आणि तुमचा ५५,००० धरू. बाळंतपणाला पहिल्या दोन मुलांपर्यंत कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. हप्ता वाढला म्हणून गरोदरपणातच नोकरी बदलायला निघालेल्या मुलींना मी ही ओळ मुद्दाम वाचायला लावते. रजा संपली आणि तुम्ही आणखी सहा महिने बिनपगारी घरी राहिलात, तर ७५,००० मधून ४३,४०० वजा जाता ३१,६०० उरतात. त्यात चार मोठी माणसं, एक बाळ, औषधं. महिन्याला १५-२० हजार कमी पडतील असं धरा. म्हणजे सहा महिन्यांसाठी लाख-सव्वा लाख आणि त्यावर प्रसूतीचा खर्च. हा पैसा बाजूला ठेवता येत असेल तर पुढे जा. लसींची चिंता करू नका, राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळतात.

हा पैसा कुठून आणायचा याचं माझं उत्तर ठरलेलं आहे : इंटिरियरवाल्याच्या कोटेशनमधून. फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचन दोन वर्षं थांबू शकतं. बाळ भिंतीवर खडू ओढायला लागलं की तुम्हीच म्हणाल, बरं झालं तेव्हा वॉलपेपर लावला नाही. पण हिशेब मांडून जर असं निघालं की एक पगार दोन महिने थांबला तरी हप्ता चुकतो, तर सहा-आठ महिने थांबणं शहाणपणाचं आहे. थांबण्याची तारीख मात्र तुम्ही ठरवा, कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी पुन्हा बसा.

दुसरं खरं कारण घराच्या आतलं आहे. घरात धाक, हात उगारणं, रोजची भांडणं असतील किंवा तुम्हा दोघांपैकी एकाला मनातून मूल नकोच असेल आणि "पझेशन" हे त्याचं सभ्य नाव असेल, तर आधी ते बोला. हे मी उगाच लिहीत नाही. "नवं घर झाल्यावर" म्हणणारे काही नवरे आणि काही बायका खरं तर मुलाला घाबरलेले असतात. नव्या घराने ती भीती जात नाही. सज्ञान बाईला तांबी (गर्भनिरोधक कॉपर-टी) बसवायला किंवा काढायला घरच्यांच्या सह्यांची गरज नसते आणि डॉक्टरांशी झालेलं बोलणं घरी पोहोचत नाही. एकटीने बोलायचं असेल तर एकटीने जा.

पुनावळ्याबद्दल मला थोडी काळजी आहे. फ्लॅट चांगला असेल, सोसायटीत बागही असेल. पण सकाळी बाळाला कोणाकडे देणार? सासू-सासरे धनकवडीत, तुम्ही पुनावळ्यात, मध्ये वारजे, चांदणी चौक, बावधन, आणि संध्याकाळी सहानंतर हायवेची जी अवस्था असते ती तुम्हाला मी सांगायला नको. नव्या घरी गेलेली आणि मूल झाल्यावर सहा महिन्यांत आईच्या किंवा सासूच्या शेजारच्या गल्लीत भाड्याने परतलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यांनी हप्ताही भरला आणि भाडंही. घर बघताना कार्पेट एरिया बघतो, पार्किंग बघतो. तापलेल्या बाळाला तासाभरात येऊन धरणारं माणूस किती किलोमीटरवर आहे, हे कोणी विचारत नाही.

पाणी कुठून येतं तेही विचारा. पुण्याच्या कडेच्या सगळ्याच भागांना हे लागू आहे. २०२१मध्ये महापालिकेत एकदम २३ गावं आली, पण हद्द वाढली त्या वेगाने जलवाहिन्या वाढल्या नाहीत; आमच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात २०२५च्या सुरुवातीला गुलियन बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा बोट पाण्याकडेच दाखवलं गेलं. पुनावळे पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत येतं. तिथे तुमच्या सोसायटीला नळ किती आणि टँकर किती, हे शेजारच्या, आधीच राहायला आलेल्या सोसायटीच्या वॉचमनला मे महिन्यात विचारा. बाळंतिणीच्या घरात दिवसाला किती बादल्या लागतात हे बिल्डरच्या ब्रोशरमध्ये नसतं.

मधला मार्ग म्हणून सासरच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर वन बीएचके किंवा वन आरके भाड्याने घ्यायला जोडपी बिचकतात. "भाड्याच्या घरात मूल कसं?" किंवा "अकरा महिन्यांनी मालकाने काढलं तर?" अकरा महिन्यांचा करार हा रिवाज आहे, कायदा नव्हे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने देण्याचा नेहमीचा करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी मालकाची. मग २४ किंवा ३६ महिन्यांचा करार का करू नये? दरवर्षी भाडं किती वाढेल ते त्यात आधीच लिहून घ्या, लॉक-इन, म्हणजे ठरल्या मुदतीआधी करार न मोडण्याची अट, दोन्ही बाजूंनी ठेवा. बऱ्याच मालकांना दरवर्षी नवा भाडेकरू आणि नवी दलाली यापेक्षा हे परवडतं. गरोदरपण आणि बाळाचं पहिलं वर्ष एकाच पत्त्यावर जावं, एवढ्यासाठी ही खटपट करण्यासारखी आहे. तुमच्या बाबतीत दोन घरांचं ओझं जड जाईल, तेव्हा आधी कपाट हलवून बघा.

गरोदरपणातच पझेशन मिळालं तर? घरातली मोठी माणसं म्हणतील, पोटुशी असताना घर बदलू नये, वास्तुशांत करू नये. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी वास्तुशांत बाळाच्या बारशानंतर करावी, कोणाचं काही बिघडत नाही. वैद्यकीय दृष्टीने घर बदलण्यात दोष नाही. खोकी उचलायची नाहीत, स्टुलावर चढून माळ्यावर काही टाकायचं नाही, आणि ताजा रंग, पॉलिश, प्लायवूडच्या चिकट्याचा वास पूर्ण जाईपर्यंत तिथे झोपायचं नाही. जुन्या घराचा रंग खरवडणार असाल तर गरोदर बाईने त्या दिवसांत घराबाहेरच राहावं. जुन्या रंगांत शिसं असतं. नव्या रंगांत त्याचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं असा नियम २०१७ पासून आहे.

दुसऱ्या मुलाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण घर खरं आडवं येतं ते तिथे. पहिलं मूल जोडपी पुढे ढकलतात, दुसरं रद्द करतात. पाच वर्षांचं पोर मध्ये झोपलेलं, दुसरी खोली नाही, हप्त्याची पंधरा वर्षं बाकी, शाळेची फी वेगळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता, म्हणजे सरासरी बाईमागे दोनही नाही. त्याला शिक्षण, नोकरी, उशिराची लग्नं अशी अनेक कारणं आहेत, आणि एकच मूल हवं असणं ही निवड उत्तमच. मला वाईट वाटतं ते ज्यांना दोन हवी होती आणि पहिलंच छत्तिसाव्या वर्षी झालं म्हणून दुसऱ्याला वेळ उरला नाही त्यांचं. तुम्हाला दोन हवी असतील तर आजच्या निर्णयात तेही धरा.

आता करायचं ते. दोघांनी मिळून एकदा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी प्रयत्न सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रुबेलाची प्रतिकारशक्ती एवढं तपासून घ्या. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर निदान महिनाभर दिवस राहू देता येत नाहीत, म्हणून हे आधी. तंबाखू, सिगारेट असेल तर नवऱ्यानेही आजच बंद करावी, नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात.

आणि सासूबाईंना तुम्ही काही सांगू नका, त्यांच्या मुलाने सांगावं. "आमचं ठरलंय, डॉक्टरांशी बोललोय, दर महिन्याला विचारू नकोस" एवढं पुरे. तारीख सांगायची नाही, नाहीतर पाळी आली की घरभर सुतक. त्याच बैठकीत त्याने त्यांना एक गोष्ट मात्र विचारावी : बाळ झाल्यावर पहिली दोन वर्षं तुम्ही दोघं पुनावळ्याला राहायला याल का? उत्तर गृहीत धरू नका. सासऱ्यांचा सकाळचा कट्टा, नेहमीचे डॉक्टर, सासूबाईंचं भजनी मंडळ सगळं धनकवडीत आहे, आणि साठी-सत्तरीत ते सोडणं सोपं नसतं. ते नाही म्हणाले तर रागावू नका. पुनावळ्याचा फ्लॅट भाड्याने देऊन, आलेल्या भाड्यात थोडी भर घालून धनकवडी-बालाजीनगर भागातच पहिल्या मजल्यावरचं किंवा लिफ्ट असलेलं घर घेता येईल का, याचा हिशेब पझेशनच्या आधीच करून ठेवा.